दहा खाटांच्या हॉलमध्ये स्त्री-पुरुष रुग्ण : भिंत घालण्याआधी काय पाहावे

आपला प्रश्न मला समजला तो असा. खाडीकाठच्या तालुक्याच्या गावी आपले अठरा खाटांचे खाजगी रुग्णालय आहे. दहा खाटा एका लांबट हॉलमध्ये, चार खाटा दोन सेमी-स्पेशल खोल्यांत आणि चार अतिदक्षता विभागात आहेत. एरवी हॉलच्या दाराकडील पाच खाटा स्त्रियांना, आतल्या पाच पुरुषांना आणि मध्ये प्लायवूडचे पार्टिशन अशी व्यवस्था असते. पण जुलै-ऑगस्टमध्ये लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), डेंग्यू आणि इतर तापांचे रुग्ण एकदम वाढले की जिथे खाट रिकामी तिथे रुग्ण ठेवावा लागतो. गेल्या महिन्यात एका वृद्ध रुग्णेच्या मुलाने, आईच्या शेजारच्या खाटेवर तरुण पुरुष ठेवल्याबद्दल लेखी तक्रार दिली. त्यावरून आपण विचारले आहे की याबाबत कायदा काय म्हणतो, छतापर्यंत पक्की भिंत घालावी का, आणि भिंत घातल्यावर एका बाजूला खाटा रिकाम्या व दुसऱ्या बाजूचा रुग्ण दारात, अशी वेळ आली तर काय करावे.

मी शासकीय सेवेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि पुढे परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) म्हणून काम केले असून निवृत्तीनंतर लहान खाजगी रुग्णालयांना वॉर्डची घडी बसवून देण्याचे काम करते. त्यामुळे माझे उत्तर नर्सिंगच्या बाजूने आहे. आपल्या हॉलला खिडक्या कुठे आहेत, रात्रपाळीला किती सिस्टर असतात आणि मावशी व वॉर्डबॉय दोन्ही मिळतात का, यावर त्यातला बराच भाग अवलंबून राहील.

कायद्याचे आधी सांगते, कारण ते थोडक्यात आटोपते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये पुढे आणलेल्या रुग्णहक्क सनदेत सतरा हक्क आहेत. त्यांत गोपनीयता, मानवी प्रतिष्ठा आणि खाजगीपणा यांचा हक्क आहे, आणि पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची शारीरिक तपासणी करीत असताना दुसरी स्त्री हजर असली पाहिजे, हेही आहे. आपल्या राज्यात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणे खाजगी रुग्णालयांना बंधनकारक झाले. ती सनद आपल्याही भिंतीवर असणारच. तक्रारदाराने ती वाचली असेल, तर त्याचे बोट योग्य ओळीवर आहे. शासकीय रुग्णालयांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांतही रुग्णाचा खाजगीपणा आणि प्रतिष्ठा हा स्वतंत्र निकष आहे. इंग्लंडमध्ये याहून पुढे जाऊन २०११ पासून, वैद्यकीय कारण नसताना रुग्णाला मिश्र वॉर्डमध्ये ठेवले तर दर रुग्णामागे दर दिवसाला २५० पौंड दंड लावण्याची तरतूद करण्यात आली आणि अशा प्रसंगांची संख्या दरमहा जाहीर होऊ लागली. त्यातला दंड आपण सोडून देऊ. मोजणी मात्र उचलण्यासारखी आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आता मूळ अडचणीकडे वळू. आपला प्रश्न खाटेच्या शेजाराभोवती फिरतो, कारण तक्रार त्याचीच आली. परंतु वॉर्डमध्ये रुग्णाची लाज जाण्याचे प्रसंग ठरलेले असतात : शौचाला किंवा लघवीला जाताना, अंग पुसताना आणि कपडे बदलताना, तपासणी, ड्रेसिंग किंवा कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याच्या वेळी, आणि झोपेत अंगावरचे पांघरूण सरकल्यावर. या प्रत्येक वेळी समोर कोण असते ते पाहिले, तर शेजारच्या खाटेवरचा पुरुष रुग्ण बहुतेकदा स्वतःच तापाने ग्लानीत असतो. जागे असतात ते नातेवाईक. आपल्याकडे एका रुग्णामागे एक माणूस मुक्कामाला आणि संध्याकाळी आणखी चार भेटायला असतात, त्यामुळे दारावर ‘स्त्री कक्ष’ अशी पाटी असलेल्या वॉर्डमध्येसुद्धा रात्री दहा वाजता मोजदाद केली तर खाटांवर पाच बायका आणि खाटांखाली चटई टाकून तीन पुरुष निघतात. अशा वॉर्डला मी स्त्री कक्ष मानत नाही. म्हणून भिंतीच्या आधी मी दोन गोष्टी पाहते : स्वच्छतागृहाची वाट आणि नातेवाइकांची उपस्थिती.

स्वच्छतागृह आधी घेते. आपण लिहिले आहे की दोन्ही स्वच्छतागृहे हॉलच्या आतल्या टोकाला आहेत आणि स्त्रियांच्या खाटा दाराकडे आहेत. म्हणजे प्रत्येक बाईला हातात सलाईनची बाटली धरून पाच पुरुषांच्या पायथ्याशी चालत जावे लागते. पार्टिशन कितीही चांगले असले तरी ही वाट असेपर्यंत आपला वॉर्ड मिश्रच राहणार.

याचा परिणाम केवळ संकोचापुरता राहत नाही. एका रुग्णालयात, त्याचे नाव इथे नको, भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या संशयावरून दाखल झालेली एक मध्यमवयीन बाई होती. लेप्टोमध्ये मूत्रपिंडावर परिणाम होण्याची भीती असल्यामुळे दर पाळीला लघवीचे मोजमाप लिहिले जाते. चोवीस तासांत मोठ्या माणसाची लघवी चारशे मिलिलिटरच्या खाली गेली की सगळ्यांचे कान टवकारतात. तिची त्याच्याही खाली गेली. रक्त पुन्हा पाठवले गेले आणि पुढच्या रुग्णालयात हलवण्याची बोलणी सुरू झाली. रात्रपाळीच्या सिस्टरने तिच्या उशाकडचा तांब्या उचलून पाहिला, तर सकाळी भरलेला तांब्या काठोकाठ तसाच होता. तोंडाने काही जातच नव्हते. विचारल्यावर आधी ‘तहान नाही’ असे म्हणाली, मग खालच्या आवाजात सांगितले की संडासाच्या वाटेवर गावातलेच दोघे दाखल आहेत, त्यातला एक नात्याने दीर लागतो आणि दाराची कडी बसत नाही. त्याच रात्री तिची खाट हलवली, स्वच्छतागृहाच्या दाराशी मावशीला उभे केले आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत मोजमाप रुळावर आले. प्रत्येक वेळी उलगडा इतका सोपा नसतो, खरोखर मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण असतातच. पण लघवी कमी भरली की मी अजूनही आधी पाण्याचे भांडे आणि मग संडासाची कडी पाहायला सांगते.

पाणी न पिणे, लघवी दाबून ठेवणे, शौच टाळण्यासाठी जेवण अर्धे टाकणे, आणि सगळे झोपल्यावर दोन वाजता अंधारात एकटीने उठून जाणे हे सगळे आमच्या वॉर्डमध्ये रोजचे आहे. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ आणि वृद्धांचे पडणे उद्भवते. बाळंतिणीने किंवा शस्त्रक्रिया झालेल्या बाईने लोकांसमोर चालायला नको म्हणून अंथरूण सोडले नाही, तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. व्यवस्थापनाला पटवून द्यायचे असेल तर ‘प्रतिष्ठा’ या शब्दापेक्षा ही यादी लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा सर्वांत स्वस्त बदल आधी करावा. हॉलची दिशा उलटी करून स्त्रियांना आतल्या, म्हणजे स्वच्छतागृहाकडच्या बाजूला न्यावे आणि पुरुषांसाठी व्हरांड्यातून जाता येईल असे स्वच्छतागृह काढावे. आपल्या ओपीडीमागे एक आहे असे आपण लिहिले आहे. ते रात्री उघडे ठेवता आले आणि तिथपर्यंत पत्र्याची पडवी घेता आली, तर हिंडते-फिरते पुरुष रुग्ण ते वापरू शकतील. न उठणाऱ्यांना तसेही खाटेवरच युरिनल द्यावे लागते. आतल्या स्वच्छतागृहात कडी अशी हवी की ती आतून नीट बसेल पण गरज पडल्यास बाहेरून उघडता येईल. सलाईन अडकवायला कमोडच्या बाजूला खुंटी, धरायला दांडा, झाकणाची कचरापेटी आणि वीज गेल्यावर चालणारा एक दिवा हवा. खुंटी नसते म्हणून नातेवाईक बाटली धरून आत येतो, आणि नातेवाईक जर मुलगा असेल तर आई जातच नाही. दीडशे रुपयांच्या खुंटीने सुटणारी ही अडचण आहे, आणि ती कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

आता नातेवाइकांचा प्रश्न. ‘रात्री स्त्री कक्षात पुरुष नातेवाइकास थांबण्यास मनाई’ अशी पाटी लावून मोकळे होणे सोपे आहे, पण आपल्या भागात ती पाटी टिकत नाही. मुले-सुना मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी दोघेच, अशी कोकणातली घरे आपण रोज पाहता. म्हातारी दाखल झाली की सोबतीला म्हाताराच येणार, आणि त्याला बाहेर काढले तर तिला रात्री पाणी द्यायला कोणी नाही. उलट बाजूने, म्हातारा दाखल झाला की त्याची बायको पुरुषांच्या वॉर्डमध्ये रात्रभर स्टुलावर बसते आणि तिच्यासमोर इतरांचे ड्रेसिंग चालते. दोघांचीही कुचंबणा होते. त्यामुळे सरसकट मनाईऐवजी मी वेळा ठरवून देते. सकाळी साधारण सहा ते सात आणि संध्याकाळी अंग पुसण्याचा अर्धा तास, तसेच राउंडच्या वेळी, स्त्री बाजूस एकही पुरुष नातेवाईक थांबणार नाही आणि पुरुष बाजूस स्त्री नातेवाईक थांबणार नाही; त्या वेळेत लागणारे सर्व काम मावशी, वॉर्डबॉय आणि सिस्टर करतील. रात्री नऊनंतर स्त्री बाजूचे पुरुष सोबती व्हरांड्यात झोपतील, आणि तिथे बाक, पंखा, डासांसाठी जाळी आणि पावसाची झड अडवणारा पडदा देणे ही रुग्णालयाची जबाबदारी राहील. श्रावणातल्या पावसात माणसाला उघड्या व्हरांड्यात पाठवायचे आणि तो पुन्हा आत आला म्हणून वॉचमनला त्याच्या अंगावर सोडायचे, हा प्रकार मी पाहिला आहे. त्यात दोष त्या माणसाचा नसतो.

जिला रात्री पतीची किंवा मुलाची सोबत खरोखर लागते, तिला स्त्री बाजूच्या प्रवेशाजवळची कोपऱ्यातली खाट द्यावी, म्हणजे तो माणूस बाकीच्या खाटांमधून ये-जा करणार नाही. हे सगळे एका अटीवर चालते : प्रत्येक खाटेला हाताशी येणारी घंटा हवी आणि ती वाजवल्यावर कोणीतरी आले पाहिजे. नातेवाईक आत बसतात ते हौसेने नव्हे. घंटा वाजवून कोणी येत नाही, हे त्यांना ठाऊक असते. रात्रपाळीला एकच सिस्टर अतिदक्षता आणि हॉल दोन्ही बघत असेल, तर नातेवाइकांना बाहेर पाठवण्याआधी एक मावशी वाढवावी.

भिंतीबाबत माझे मत असे आहे की छतापर्यंत बंद भिंत घालू नये. आपल्याकडे पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा झडीसह आत येतो म्हणून त्या बाजूच्या खिडक्या दिवसेंदिवस बंदच असतात; हवा खेळते ती उरलेल्या बाजूने, हॉलच्या लांबीतून. मध्येच बंद भिंत आली की एका अर्ध्या भागात कोंदट दमटपणा राहतो, गाद्यांना बुरशी येते, आणि खोकल्याच्या रुग्णांत एखादा निदान न झालेला क्षयाचा रुग्ण असला तर त्याची हवा तिथेच घोटाळत राहते. साधारण सात फूट उंचीची, खाली जमिनीला टेकलेली पक्की भिंत आणि तिच्यावर छतापर्यंत जाळी, एवढे पुरेसे होते. उभ्या माणसाला पलीकडचे दिसत नाही आणि हवा चालू राहते. प्लायवूड मात्र काढावे. दमट हवेत ते फुगते, खालून कुजते आणि फवारणीने पुसताही येत नाही.

भिंत दोन बाजू वेगळ्या करते. एकाच बाजूच्या पाच बायकांना एकमेकींपासून आडोसा मिळतो तो पडद्याने. तेव्हा प्रत्येक खाटेला छतातल्या रुळावरून फिरणारा, तिन्ही उघड्या बाजू झाकणारा पडदा हवा. चाकांवरचा लोखंडी स्क्रीन एकाच वेळी एका खाटेला पुरतो आणि नेमका हवा असतो तेव्हा लेबर रूममध्ये गेलेला असतो. पडद्याचे कापड जाड घ्यावे. पातळ पांढऱ्या पडद्याआड दिवा लावून कॅथेटर घालताना पलीकडे संपूर्ण सावली पडते आणि ती आतल्या माणसाला दिसत नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. एकदा रात्री स्वतः बाहेरच्या बाजूला उभे राहून पाहावे. वरचा दीड-दोन फुटांचा पट्टा जाळीचा असला की पंख्याचा वारा आत पोहोचतो, नाहीतर उकाड्याने रुग्ण स्वतःच पडदा सारतो. खालच्या दुमडीत वजनाची साखळी शिवावी, म्हणजे पंख्याने पडदा उडणार नाही. पडद्यांचे दोन संच ठेवावेत, कारण जुलैत धुतलेला पडदा दोन दिवस वाळत नाही.

आता खाटांचा हिशेब, जो आपल्याला सर्वांत जास्त छळतो आहे. दहा खाटा पाच-पाच अशा कायमच्या वाटल्या आणि एखाद्या दिवशी सात पुरुष व तीन स्त्रिया आल्या, तर दोन पुरुष दारात आणि दोन खाटा रिकाम्या राहतात. शंभर खाटांच्या रुग्णालयात असा चढउतार आपोआप जिरतो. लहान रुग्णालयात दोन माणसांच्या फरकानेही घडी विस्कटते. म्हणून दोन भागांऐवजी तीन भाग करावेत : चार खाटा स्त्रियांच्या, तीन पुरुषांच्या आणि मधल्या तीन फिरत्या. मधला भाग दोन्ही बाजूंनी बंद होऊ शकला पाहिजे. एका बाजूला पक्की भिंत आणि दुसऱ्या बाजूला घडीचे भक्कम पार्टिशन असले तरी चालते. तो आज कोणाचा हे सकाळच्या राउंडनंतर, घरी जाणारे रुग्ण कळल्यावर ठरवावे आणि दारावर तशी पाटी फिरवावी. तत्त्व एवढेच पाळावे की मधल्या भागात एका वेळी एकाच लिंगाचे रुग्ण राहतील. एक बाई ‘तात्पुरती’ म्हणून पुरुषांत ठेवली की ती घरी जाईपर्यंत तिथेच राहते.

आपल्या दोन सेमी-स्पेशल खोल्या याच हिशेबात धराव्यात. पावसाळ्यात त्या पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवून हॉलमध्ये मिश्रण करणे मला योग्य वाटत नाही. ज्या रुग्णाला आपण आपल्या अडचणीपायी खोलीत हलवतो, त्याच्याकडून खोलीचा दर घेऊ नये. हे लेखी ठरवलेले नसले तर काउंटरवर हटकून वाद होतो. हर्निया, हायड्रोसील, मोतीबिंदू अशा ठरवून करायच्या शस्त्रक्रिया तापाच्या लाटेत आठवडाभर पुढे ढकलता येतात, आणि त्या ठरवताना एका दिवशी सर्व पुरुष, दुसऱ्या दिवशी सर्व स्त्रिया असे लावले तर खाटा एकत्र मोकळ्या होतात. रात्री अडीचला आलेल्या रुग्णासाठी झोपलेल्या पाच जणांना हलवू नये. त्याला कॅज्युल्टीत किंवा अतिदक्षता विभागाच्या रिकाम्या खाटेवर सकाळपर्यंत ठेवावे आणि राउंडनंतर जागा करावी.

याचा अर्थ मिश्र जागा कधीच चालत नाही असा नाही. कॅज्युल्टी, अतिदक्षता आणि शस्त्रक्रियेनंतरची रिकव्हरी इथे जीव आधी. यंत्रे आणि नजर ठेवणारी सिस्टर एकाच ठिकाणी असल्याने वेगळे करणे धोक्याचे ठरू शकते. सर्पदंशाची बाई श्वास घेईनाशी झाली असताना शेजारी पुरुष आहे का हे कोणी पाहू नये. परंतु अतिदक्षता विभागात पडदे लागत नाहीत, असे जे धरून चालले जाते, ते चूक आहे. तिथला रुग्ण सर्वांत जास्त उघडा आणि सर्वांत कमी बोलणारा असतो. शिवाय, तिथली गरज संपली की त्याच दिवशी त्याला त्याच्या बाजूला हलवायचे. बेशुद्ध रुग्णाला सांगता येत नाही म्हणून त्याच्या नातेवाइकांना सांगायचे, आणि केस पेपरवर एक ओळ लिहायची : मिश्र कक्षात का ठेवले, किती वाजता, कधी हलवले. या ओळी महिन्याअखेरीस मोजायच्या. इंग्लंडचे उदाहरण दिले ते यासाठी. मोजल्यावर कळते की पाचातील चार प्रसंग तापाच्या लाटेमुळे घडलेले नसून दुपारी डिस्चार्जचे कागद वेळेवर न झाल्यामुळे घडलेले आहेत, किंवा त्याच्या उलट. दोन्हींची उपाययोजना वेगळी आहे.

पुरुषांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही म्हणून थोडे लिहिते. ट्रॉलरवरचा खलाशी असो किंवा निवृत्त मास्तर, हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेआधी केस काढताना समोर दुसऱ्याच्या बहिणी-भावजया बसलेल्या असतात आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. पुरुष तक्रार करीत नाहीत, ‘चालतं हो सिस्टर’ म्हणतात, आणि आपण ते खरे मानतो. ही कामे शक्य तिथे ब्रदरने (पुरुष परिचारकाने) किंवा वॉर्डबॉयने करावीत. ब्रदर नसतील तर सिस्टरने करावीत, त्यात गैर काही नाही, मात्र पडदा ओढून आणि काय करणार ते आधी सांगून. पाठीमागून उघडा गाऊन घातलेल्या पुरुषाला खाली लुंगी आणि बाईला परकर द्यावा. एक्स-रेला नेताना हा एक कपडा फार मोठा फरक करतो.

तृतीयपंथी रुग्ण आला की आपल्याकडे पंचाईत होते आणि बहुधा त्याला व्हरांड्यात खाट दिली जाते. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याने, त्याच्या मूळ रूपात, व्यक्तीने स्वतः मानलेली लिंगओळख मान्य केली होती. तेव्हा कोणत्या बाजूला राहायचे हे रुग्णालाच, इतरांना ऐकू जाणार नाही अशा जागी विचारावे. सेमी-स्पेशल खोली रिकामी असेल तर ती देऊ करावी, लादू नये. लहान मूल आईजवळ राहील, पण स्त्री बाजूला दाखल केलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही विचारावे. त्याला तिथे नको असते हे मी अनेकदा पाहिले आहे. पती-पत्नी दोघेही अपघातात दाखल झाले आणि एकत्र राहू इच्छितात, तर त्यांना खोली द्यावी.

आणखी दोन गोष्टी, ज्या भिंतीने सुटत नाहीत. पहिली आवाजाची. पडद्याआड पाळीची तारीख, गर्भपात, दारू, गुप्तरोग यांची विचारणा मोठ्याने होते आणि पलीकडे त्याच वाडीतला माणूस असतो. शहरात शेजारच्या खाटेवरचा माणूस अनोळखी असतो. आपल्याकडे तो भावकीतला निघतो आणि गोष्ट रुग्णाच्या आधी घरी पोहोचते. अशी विचारणा तपासणीच्या खोलीत करावी, आणि रुग्ण उठू शकत नसेल तर इतरांचे नातेवाईक बाहेर काढून. खाटेच्या पायथ्याशी निदान लिहिलेली पाटी आणि दारावरचा नावांचा पांढरा फळा दोन्ही उतरवावे. एचआयव्हीबाधित रुग्णाची ओळख गुप्त ठेवणे तर २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे खाटेवर वेगळी खूण नको. दुसरी गोष्ट मोबाइलची. मुंबईच्या मुलाला ‘आई कशी आहे बघ’ म्हणून व्हिडिओ कॉल लावला जातो आणि आईच्या मागच्या खाटेवर दुसरी कोणी बाळाला पाजत असते. कॉल नाकारू नये, त्या घराला तो फार मोलाचा असतो. पडदा ओढून करायला सांगावे. आपला सीसीटीव्ही हॉलच्या आत खाटांवर रोखलेला असेल तर तो काढून दारावर लावावा. रिसेप्शनच्या टीव्हीवर वॉर्ड दिसतो आहे हे मी एकाहून अधिक रुग्णालयांत पाहिले आहे.

तक्रारदार मुलाला काय लिहावे, हे शेवटी. नियमांची कलमे लिहू नयेत आणि ‘खाटा कमी होत्या’ एवढेच लिहून पत्र संपवू नये. आईला कोणत्या दिवशी, किती वेळ मिश्र कक्षात ठेवावे लागले, ते का, तिला किंवा त्याला ते आधी सांगितले गेले नाही याबद्दल दिलगिरी, आणि पुढच्या पावसाळ्याआधी काय बदलणार, हे साध्या भाषेत, डॉक्टरांच्या सहीने द्यावे. आई अजून दाखल असेल तर पत्राआधी तिच्याकडे सिस्टरला पाठवून स्वच्छतागृहाला जाते का, पाणी पिते का, रात्री कोणाला हाक मारते, हे विचारून घ्यावे. मुलाला दिसले ते शेजारच्या खाटेचे, तिला सोसावे लागले ते कदाचित वेगळेच असेल, आणि पत्रात ते आले पाहिजे.

हॉलचा हाताने काढलेला आराखडा, खिडक्या, दारे, स्वच्छतागृहे आणि खाटांच्या जागा दाखवून, इथेच टाकलात तर मधला तीन खाटांचा भाग कुठे बसेल आणि पुरुषांची वाट कुठून काढता येईल ते मी सांगू शकेन. काम गणपतीनंतर काढावे. त्याआधी तापाच्या लाटेत हॉल रिकामा करता येणार नाही, आणि शिमग्याला गवंडी मिळत नाहीत.